अकरा चिमटे

पभ्या, तू गेल्यानंतर सतराव्या दिवशी आम्ही तुझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि मी सवयीनं आधी चिमटे मोजले. अकरा. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, तेलानं काळे पडलेले, इंजिनावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या पायपाला ओळीनं चावून बसलेले. ‘अकरा’ असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. मग लक्षात आलं की ‘किती बे मास्तर?’ असं कोणी विचारलंच नव्हतं. स्टिअरिंगमागे तुझी लेक वैशू बसली होती. ती रडत नव्हती, म्हणून मीही रडलो नाही.

गाडी मात्र सुरू होईना. वैशू चावी फिरवायची, इंजिन आतल्या आत घरघरायचं, आणि पुढे काही नाही. आठातलं एकही सिलिंडर पेटत नव्हतं.

तुला कळायला हवं म्हणून सांगतो. तुझी तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मलकापूरकडच्या हायवेवरचा एक हॉटेलवाला अमडापूरला तुझ्या दारात आला. माणूस वाईट नव्हता. वाकून नमस्कार वगैरे केला. म्हणाला, “ताई, पुढचा अर्धा भाग कापून घेतो अन् हॉटेलच्या दाराशी बसवतो. हेडलाइट चालू ठेवतो. लोक थांबून फोटो काढतील, तुमच्या बाबांची आठवण राहील.” कापून! मी तिथेच खुर्चीतून उठलो. वैशूनं मात्र त्याला नाही म्हटलं नाही.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, “काका, मी पुण्यात राहते. हे अशी शेडमध्ये गंजत पडलेली मले पाहवणार नाही. चालली तर ठेवतो मी तिले, महिन्यातून एक चक्कर मारतो. नाही चालली तर नेऊ द्या त्याले. बाबाले बंद वस्तू घरात चालत नव्हती, तुम्हाले माहीत हाये.” सोमवारी सकाळी त्याची क्रेन येणार होती. मी छाती ठोकून सांगितलं, की रविवारी सुरू करून देतो, या गाडीची नस न नस मला माहीत आहे.

हे मी का बोललो असेन, तुला वेगळं सांगायला नको. आयुष्यभर बुलढाण्याच्या कॉलेजात पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस मी. आणि जवळजवळ तीस वर्षं महिन्यातून एकदा तरी त्या गाडीत तुझ्या शेजारी बसलेला.

मलकापूरच्या कापूसवाल्या शेठजींच्या गोदामात ती आपल्याला पहिल्यांदा दिसली. तू त्यांच्या विहिरीची मोटर काढायला गेला होतास आणि मी रिकामा म्हणून सोबत. सरकीच्या पोत्यांमागे एक लांबलचक काळं धूड उभं होतं आणि त्यात कोंबड्यांनी बस्तान बसवलं होतं. मुंबईतल्या कुठल्याशा परदेशी वकिलातीच्या लिलावात घेतलेली अमेरिकन गाडी. पेट्रोल महाग झालं तशी शेठजींनी तिला कायमची विश्रांती दिली होती. त्या काळी अशा गाड्यांचं मूळ इंजिन भंगारात घालून त्या जागी टेम्पोचं नाही तर ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवायची पद्धत होती. तसंच काहीसं असणार असं धरून मी बाहेर चहाकडे निघालो होतो. तू कोंबड्या हुसकावल्यास, बॉनेट उचललंस, आत वाकलास, आणि बराच वेळ वर आलाच नाहीस.

“मास्तर,” आतूनच म्हणालास, “आठ हायेत बे. आठही जाग्यावर हायेत.”

तुझ्या पंपदुरुस्तीच्या दुकानात तोवर एका सिलिंडरच्या ऑइल इंजिनापलीकडे काही आलं नव्हतं. तू वर आलास तेव्हा तुझ्या डोळ्यांत जे होतं ते मी वहिनींशी तुझं लग्न ठरलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. हे मी वहिनी होत्या तेव्हा त्यांच्यासमोर बोललो होतो, आणि त्या म्हणाल्या होत्या, “मले माहीत हाये भाऊजी.”

अमेरिकेत अशा गाडीला मसल कार म्हणतात, हे मी कुठूनसं वाचून तुला सांगितलं. मध्यम अंगाची गाडी घ्यायची आणि तिच्यात राक्षसी इंजिन कोंबायचं. तू एका शब्दात निकाल लावलास. “म्हंजे हेला.” आपल्याकडे रेड्याला हेलाच म्हणतात, आणि ती होतीही काळी, तापट आणि पाण्याला हपापलेली. तू ती शेठजींकडून विकत घेऊन गावात आणलीस, त्या दिवसापासून साऱ्या अमडापुरानं तिला हेला म्हटलं. ती गाडी आहे म्हणून ‘ती’, आणि नाव हेला म्हणून ‘तो’, असा गावात दुहेरी कारभार चालायचा.

माझ्या मायला तू तिच्यात पहिल्यांदा बसवलंस तो दिवस आठवतो. तिनं गाडीला एक फेरी घातली आणि म्हणाली, “लेका, एवढं मोठं नाक अन् बसाले समोर दोनच जागा?” तू दार उघडून धरलंस. “माय, नाकातच गंमत हाये. बस समोर.” मला मागच्या फटीत कोंबलंस. माझ्या मायनं गावातल्या प्रत्येक मोठ्या शेतातला कापूस वेचला होता, तुमच्याही. त्या दिवशी ती तुमच्या गल्लीतून काच खाली करून, पदर सावरून, समोरच्या सीटवर बसून गेली. तुझे काका ओट्यावर उभे होते, त्यांनी पाहिलं. तू वेग कमी केलास, वाढवला नाहीस. नंतर त्यावर तू काही बोलला नाहीस आणि मीही नाही. आभार राहून गेले ते आज मानतो. तू हसशील, हस.

तिचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे उजवीकडे, ड्रायव्हरच्या जागी, मी. चौकातला पोलीस मला हात दाखवायचा, टोलवरचा माणूस माझ्याकडे पावती धरायचा, आणि हातात चाक नसलेला मी निवांत शेंगा खात बसलेला पाहून समोरून येणारे ट्रकवाले दचकायचे. पण खरी गोष्ट ही होती की ओव्हरटेक करताना तुला समोरचं काही दिसायचंच नाही. तू रस्त्याच्या कडेला, मी मधोमध. तू विचारायचास “चालू?” आणि मी मान बाहेर काढून म्हणायचो “थांब… थांब… चाल.” माझ्या एका शब्दावर तू एवढी अवजड गाडी डोळे झाकून रस्त्याच्या मध्यावर घालायचास. एरवी माझा एक शब्द तू कधी खरा मानला नाहीस.

तिचं दुखणंखुपणं तू कसं निभावलंस, याचं मला अजून नवल वाटतं. एकही सुट्टा भाग जिल्ह्यात मिळत नव्हता. गॅस्केट तू ओट्यावर बसून कागदी पुठ्ठ्यातून कात्रीनं कापायचास, पंपाच्या गॅस्केटसारखंच. पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरणीचा. ब्रेकचे रबर कुठल्याशा ट्रकचे, घासून घासून मापात आणलेले. आठ प्लग काढून तू वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायचास आणि मी खडूनं त्यांना नंबर द्यायचो, माझं गाडीतलं शास्त्रीय योगदान तेवढंच. लिटरला चार किलोमीटर धावणारी ती गाडी लग्नाकार्याला तर सोडच, कामालाही फारशी नेता यायची नाही. महिन्यातल्या एका रविवारी तू बुलढाण्याला येऊन मला उचलायचास, राजूर घाट उतरून आपण मलकापूरला जायचो, स्टेशनाबाहेर भजी खायचो, दोन गाड्या जाताना पाहायचो, आणि घाट चढून परत. तुला आगगाडी आवडायची. घाटाच्या वर ती नाही, म्हणून खाली जाऊन पाहायची. परतताना सपाट रस्ता लागला की तू पाय दाबायचास, पाठ सीटला चिकटायची, आणि आपण दोघे पन्नाशीतले बाप्ये मोठ्यानं ओरडायचो. काय ओरडायचो ते कळायचं नाही, इंजिन त्याहून मोठं ओरडायचं.

आता चिमट्यांकडे येतो, कारण भांडण तिथलं आहे.

गाडी घेतली तेव्हाच पायपावर दोन चिमटे होते. पहिल्या मालकानं लावलेले असणार.

“गोऱ्यानं लावले म्हंजे उगाच लावले काय बे?”

“त्याची बायको विसरली असेल.”

“कोणाची बायको इंजिनावर कपडे वाळू घालते, मास्तर?”

रोग आपल्या दोघांनाही माहीत होता. आपला उन्हाळा आणि आठ सिलिंडरची धग, दोन्ही मिळून पायपातलं पेट्रोल उकळायचं. त्याची वाफ व्हायची. इंजिनाला लागून असलेला पंप पेट्रोल ओढायला जायचा आणि त्याच्या तोंडात वाफ यायची. मग गाडी खोकायची आणि चढावर गप्प व्हायची. औषधावर मात्र आपलं पटलं नाही. तुझं म्हणणं, चिमटे गरमी शोषतात. मी म्हणालो, लाकूड उष्णता वाहतच नाही. तर म्हणालास, मग ते गरमी अडवतात. दोन्ही कसं होईल, विचारलं तर म्हणे, “आधी शोषतात, मंग अडवतात.” पालथ्या घड्यावर पाणी. दोनाचे चार झाले, चाराचे सात. वहिनींच्या दोरीवरून साड्या उडून शेजारच्या गोठ्यात जायला लागल्या. मध्यंतरी प्लास्टिकचे लावून पाहिलेस, ते वितळून आठवडाभर वास येत राहिला. लाकडी दहावर येऊन तू थांबलास.

माझं औषध एकच होतं आणि ते मी तुझ्याच धंद्यातून काढलं होतं. “तू शेतकऱ्यांना काय सांगतोस? पाणी खोल गेलं की वरून ओढू नका, मोटर खाली सोडा, खालून ढकला. मग पेट्रोलला वेगळा न्याय का? टाकीजवळ विजेवरचा छोटा पंप बसव आणि मागून ढकल. ओढलेलं पेट्रोल लवकर उकळतं, ढकललेलं उकळत नाही.”

“पाणी अन् पेट्रोल एक हाये काय? तू पोरायले शिकवतं ते शिकव. माह्या धंद्यातलं मले नको सांगू.”

आणि मग तो मे महिन्यातला घाट. मला तो लिहायचा नव्हता, पण त्याशिवाय हे पत्र पुढे सरकत नाही.

भर दुपारी राजूर घाटातल्या वळणावर गाडी मेली. तू पंपावर ओलं फडकं टाकलंस, आपण सावली शोधली, थोड्या वेळानं ती सुरू झाली आणि पुढच्या वळणावर पुन्हा मेली. मागे एस.टी. अडकली, तिच्यामागे ट्रक. लोक उतरून जमा झाले. त्यात माझा एक जुना विद्यार्थी, ‘सर, काय झालं?’ करत. मी तापलो होतो, आणि त्याच्यासमोर मला हुशार दिसायचं होतं. म्हणालो, “पंपाचं दुकान टाकलं म्हणून पंप कळत नाही, पभ्या. दहावी नापास माणसाशी विज्ञानाचा वाद कोण घालणार?”

लोक हसले. तू फडकं पिळलंस, परत भिजवलंस, पंपावर ठेवलंस. बुलढाण्याला माझ्या दाराशी आल्यावर तू एकच शब्द बोललास. “उतर.”

एकाच बाकावर बसून आपण दहावीचा अभ्यास केला होता. तू नापास झालास, बापानं शेतात घातलं, तू पळून जाऊन मोटर वाइंडिंग शिकलास. मी पास झालो त्यात तुझ्या घरच्या कंदिलाचा वाटा होता, आणि हे माहीत असून मी ते बोललो. मे गेला, जून गेला, जुलै गेला. मी फोन केला नाही. माफी मागायला लागेल म्हणून केला नाही, एवढं सरळ आहे ते. ऑगस्टातल्या एका रविवारी दाराशी हेला डरकला. तू काच खाली केलीस.

“बस. अकरावा चिमटा लावला. चाल, घाट पाहू.”

मी बसलो. माफीचा विषय तिथेच राहिला, मला वाटलं बरं झालं, सुटलो.

पण पभ्या, पुढच्या मे महिन्यात गाडी घाट एका दमात चढली. त्याच्या पुढच्यातही. बारा वर्षं ती एकदाही खोकली नाही! “पाह्य,” तू म्हणायचास, “दहानं होत नव्हतं, अकरानं झालं.” आणि तेव्हापासून तुझा तो नेम सुरू झाला. निघण्याआधी बॉनेट उघडायचं, मला पुढे पाठवायचं. “जाय, मोज.” मी मोजेपर्यंत तू आत बसून बडीशेप खायचास. सिगारेटच्या राखेची डॅशबोर्डातली ती डबी. तू जन्मात विडी ओढली नाहीस, म्हणून तिच्यात बडीशेप. मग आतून आवाज यायचा, “किती बे मास्तर?” “अकरा.” आणि मगच तू चावी फिरवायचास.

या अकरानं माझी काय दशा केली ते तुला कधी सांगितलं नाही. मी घरी तांब्याची नळी आणली, तिच्यातून गरम पाणी सोडलं, दोन्ही टोकांना थर्मामीटर धरले. चिमट्यांसह, चिमट्यांशिवाय. फरक शून्य. लाकूड बदललं, चिमट्यांची जागा बदलली, एका उन्हाळ्यात गच्चीवर उन्हात मांडून बसलो तेव्हा बायकोनं शेजारणीला सांगितलं, “रिटायर झाले तवापासून असंच हाये.” वही भरली. शास्त्र सांगत होतं की चिमट्यांनी काही होत नाही, आणि गाडी दर उन्हाळ्यात घाट चढत होती. शेवटी शेवटी मी मनातून डगमगलो होतो, पभ्या. वर्गात पोरांना सांगितलेलं उष्णतावहन खरं की तुझे चिमटे खरे, असा प्रश्न मला खरोखर पडायचा. तुला एकदा म्हणालोही, एक फेरी चिमटे काढून करून पाहू. तू म्हणालास, “पुढच्या मे महिन्यात.” दर वर्षी पुढचा मे महिना. या वर्षीचा यायच्या आत तू गेलास.

तर त्या रविवारी. ठिणगी तपासली, आठही प्लगला उत्तम. म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. मी चिमट्यांचा पायप इंजिनाच्या कार्ब्युरेटरपासून पान्यानं सोडवला. पेट्रोलचा एक थेंब पडला नाही. पायपात तार घालायला गेलो तर तार जाईना. तोंड शिशानं बंद केलेलं होतं. साफ, गुळगुळीत, तुझ्या हाताचं काम.

मी पंप उघडला. आत काही नव्हतं. पडदा नाही, तरफ नाही, नुसतं टरफल.

“काका, मंग गाडी चालत कशी होती?” वैशूनं विचारलं. माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. महिन्याभरापूर्वी तू मला याच गाडीतून मलकापूरला नेलं होतंस. मी एका कोरड्या पायपावरचे चिमटे मोजत उभा होतो, आणि गाडी चालत होती!

हवेच्या फिल्टरचं ताट काढलं तेव्हा मागच्या बाजूनं येऊन कार्ब्युरेटरात शिरलेली काळी रबरी नळी दिसली. बारा वर्षं ती तिथेच असणार, पण मी पुढून चिमटे मोजणारा माणूस. फिल्टरखाली कोण पाहतो? तिच्या मागे मागे गेलो. ती इंजिनाच्या भिंतीवरून खाली उतरली, गाडीच्या पोटाखाली गेली. या वयात मी पोत्यावर उताणा झालो आणि सरपटत मागे गेलो. नळी टाकीपाशी संपली. आणि तिथे, टाकीला लागून, पट्टीनं आवळलेला विजेवरचा एक छोटा पंप. मागून ढकलणारा. मी सांगितला होता तसाच, मी सांगितला होता त्याच जागी.

मला राग आला. खरा राग. बारा वर्षं! तांब्याची नळी, थर्मामीटर, गच्ची, वही, आणि तू आत बसून बडीशेप खातोस! मला पुढे पाठवायचास ते चिमटे मोजायला नव्हेच, मागे पंप गुणगुणायचा तो ऐकू येऊ नये म्हणून. इंजिन सुरू झालं की तो आवाज बुडालाच. मी तुला दोन शिव्या दिल्या, गाडीखालून, मोठ्यानं. वैशू वरून म्हणाली, “बाबाले देता काय?” मी म्हणालो, “हाव.” ती म्हणाली, “द्या.”

पंपाची वायर पुढे कुठेतरी डॅशबोर्डात शिरत होती. म्हणजे कुठेतरी बटण. “वैशू, बाबा चावी फिरवायच्या आधी काय करायचा?” मग मला त्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

“काका,” ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज ओला झाला होता, “बडीशेपीच्या मागं खटका हाये.”

आणि माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर पंप गुणगुणायला लागला.

मी तसाच पडून राहिलो, पभ्या. हिशेब सरळ होता. मे महिन्यात मी तुला चार लोकांत दहावी नापास म्हटलं. ऑगस्टात तू दाराशी आलास. मधल्या तीन महिन्यांत तू याच जागी पाठीवर पडून माझं म्हणणं बसवत होतास, ज्यानं तुझा अपमान केला त्याचं. पंपाच्या धंद्यात जन्म काढलेल्या माणसाला हे तोंडानं कबूल करणं शक्य नव्हतं. तुझ्या नाकावर माशी बसलेली तुला चालत नसे. म्हणून तू पायप बंद केलास, त्यावर एक चिमटा वाढवलास आणि मला घ्यायला आलास. मला मूर्ख बनवत होतास, हेही खरंच. पण आपला वाद मिटला असता तर दर महिन्याला घाट उतरायचं आपल्याकडे दुसरं कारण काय होतं? दोन्ही खरं असेल. तुझ्या बाबतीत नेहमी दोन्ही खरं असायचं.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. पंपाकडे पाहून म्हणालो, तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“काय म्हणता काका?”

“काही नाही. थांब, चावी फिरवू नको अजून.”

कारण मला आणखी एक गोष्ट दिसली होती. टाकी आणि पंप यांच्यामध्ये हातभर नळी आहे. तिथे धग नाही, इंजिन तर दहा फूट लांब. तिथे पेट्रोल उकळायचा प्रश्नच येत नाही. त्या नळीला, घाटाच्या लाल धुळीनं माखलेला, एक लाकडी चिमटा लावलेला होता.

तो कशाला? शास्त्रानं त्याला तिथे काडीचं काम नाही. तुझ्या शास्त्रानंही नाही. माझं ऐकायचं पण सगळंच ऐकायचं नाही, म्हणून एक आपला लावून ठेवलास? की मी एक ना एक दिवस इथवर सरपटत येणार, हे धरून माझ्यासाठी ठेवलास? मी त्याला हात लावला नाही. बाहेर आलो, जुना पायप परत होता तसा बसवला, चिमट्यांसकट, आणि बॉनेटपाशी उभा राहिलो.

वैशूनं बडीशेप तोंडात टाकली. चावी फिरवली. आधी एक धडाका, मग काळा धूर, मग आठही एकदम. शेजारच्या शेळ्यांनी दावी ताणली, ओट्यावर बायका आल्या, आणि पोरगी आता खुशाल रडत होती, स्टिअरिंग घट्ट धरून. तिनं खिशातून फोन काढून हॉटेलवाल्याला लावला. इंजिनाच्या आवाजात त्याला एक अक्षर ऐकू गेलं नसेल, पण कळलं असणार.

मग तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि अगदी तुझ्या ठेक्यात ओरडली, “किती, काका?”

“बारा,” मी म्हणालो.